टेकलेली विमानं

गोव्यात वास्कोला, दाबोळी विमानतळाशेजारी राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक नसतं. डोक्यावरून विमान जायला लागलं की फोनवरचं बोलणं क्षणभर थांबवायचं आणि आवाज सरला की "हां, बोल" म्हणून पुढे सुरू करायचं. दामोदराच्या सप्ताहात अभंग टिपेला पोचलेला असताना वरून विमान गेलं तरी पखवाजवाला मान वर करत नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आठवडाभर आवाज ऐकला की गच्चीवर धावायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, जातेच आहेस तर कपड्यांची बादली घेऊन जा."

उडत्या विमानाचं वेड त्या बादलीबरोबर उतरलं. उभ्या विमानाचं मात्र अजून गेलेलं नाही.

उभं म्हणजे प्रवाशांची वाट बघणारं नव्हे. कायमचं उभं. मोठ्या विमानतळावर आपलं विमान धावपट्टीकडे रांगत असतं, हवाईसुंदरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवत असते, आणि खिडकीतून पार टोकाला गवताच्या कडेला एखादं दिसतं. शेपटीवरचं नाव पांढऱ्या रंगाखाली गेलेलं, खिडक्यांना आतून चंदेरी कागद, पंखांखालची इंजिनं गायब. विमानात सगळ्यात महाग इंजिन, त्यामुळे आधी तेच जातं. मग ते बिचारं दात पडलेल्या माणसाच्या गालासारखं बसकं दिसतं. २०१२ मध्ये किंगफिशर ही विमान कंपनी बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज. त्यानंतर अशी उभी विमानं बघायला काही तोटा राहिला नाही. दोन सेकंदांचं दर्शन. मी मान वळवून बघत राहते आणि शेजारच्याला वाटतं, ही बाई घाबरलीय.

२०२५ च्या अखेरीस एक बातमी वाचली आणि दिवसभर हसत होते. कोलकात्याच्या विमानतळावर एअर इंडियाचं एक बोइंग ७३७ तेरा वर्षं उभं होतं, आणि ते आपलं आहे हेच कंपनी विसरून गेली होती! विमानतळवाल्यांनी "तुमचं हे उचला" म्हटल्यावर कळलं. अहो, आमच्याकडे माडाच्या चुडताच्या केरसुणीची एक काडी कमी झाली तरी सासूबाईंना कळतं. पण विचार केला तर पटतंही. कागदावरून नाव गेलं की वस्तू कितीही मोठी असो, दिसेनाशी होते. शेवटी त्याला रस्त्याने बंगळुरूला नेलं. विमानाचा शेवटचा प्रवास ट्रकवरून, ही त्या जातीची नेहमीचीच थट्टा. दिल्लीत २०२१ साली असंच एक मोडीत काढलेलं विमान पादचारी पुलाखाली अडकून बसलं होतं, आणि शेजारून वाहनं कशी निवांत चालली होती!

आमच्याकडे त्यासाठी कोलकात्याला जायला नको. दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. १९९८ पासून आहे. इथली विमानं काही टाकून दिलेली नाहीत, रंगरंगोटी होते, समोर पाट्या आहेत. पण बरीचशी उघड्यावर उभी आहेत, आणि इथला पाऊस संग्रहालय म्हणून सूट देत नाही.

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला होता. त्याला समुद्रावर जायचं होतं, मी वाटेत त्याला इथे उतरवलं. बरोबर भाऊकाका. हे आमच्या यजमानांचे चुलते, मूळचे मालवणचे, नौदलाच्या विमान वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेलं. त्यांना संग्रहालय दाखवायला न्यायचं म्हणजे गुरवाला देऊळ दाखवायला न्यायचं.

भाचा धावत सुटला तो सी हॅरियरकडे. जागच्या जागी सरळ वर उठणारं विमान, हे त्याला ठाऊक होतं. पोटाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या, त्या खाली वळवल्या की इंजिनाचा झोत जमिनीवर आणि विमान वर. ही हॅरियर २०१६ पर्यंत इथूनच उडायची. त्यांचा आवाज मी ऐकलाय, म्हणजे खिडकीच्या काचांनी ऐकलाय. भाच्याने एका नळीत डोकावून बघितलं. आत काड्या, सुतळीचा तुकडा आणि एक निळं प्लॅस्टिक. "आत्या, इथे कुणीतरी राहतंय!" साळुंकी समोरच्या तारेवर बसून आम्हांला शिव्या घालत होती.

भाऊकाका तिकडे आलेच नाहीत. ते थेट सुपर कॉन्स्टेलेशनच्या पोटाखाली जाऊन उभे राहिले.

हे विमान एकदा बघाच. पाठ माशासारखी वळलेली, उंच लांब पाय, आणि मागे एक नव्हे तीन शेपट्या. त्या काळच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, मावायचं तर एक उंच शेपूट चाललं नसतं, म्हणून तीन बुटकी केली. दार बुटकं असलं की घरातली माणसं वाकायला शिकतात, तसं. एअर इंडियाकडे ही १९५४ पासून आली, मग हवाई दलाकडे गेली, आणि १९७६ साली समुद्रावर गस्त घालायला नौदलाकडे, इथे दाबोळीला. एकेका इंजिनात अठरा सिलिंडर, आणि अशी चार इंजिनं. "त्यातलं एक हमखास रुसायचं," भाऊकाका म्हणाले. "आम्ही म्हणायचो, तीन इंजिनांचं इतकं चांगलं विमान जगात दुसरं नाही."

मी पंखाला हात लावला. तळव्याला पांढरी पूड लागली.

"तांबेरा नाही तो, गो," ते म्हणाले. "तांबेरा लोखंडाक. ह्या अल्युमिनियम. खाऱ्या वाऱ्यान असा पिठूळ होता." मालवणी त्यांच्या तोंडी मशीनजवळ आल्यावरच येते. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी रिव्हेटांची एक ओळ पुसली, फक्त एक, हातभर लांब.

तिथे उभी असताना एक गंमत लक्षात आली. मी इतक्या वेळा विमानात बसले, पण विमान कधी बघितलंच नव्हतं. आत असताना दिसते ती पुढच्या माणसाची खुर्ची. खाली असताना दिसतो तो एक ठिपका. चाक माझ्या खांद्याएवढं आहे, कातडं इतकं पातळ आहे की बोटाने वाजवलं तर पत्र्याच्या पेटीसारखं वाजतं, हे ते थांबल्यावरच कळतं.

आणि याच विमानाच्या एका भावंडाची गोष्ट याच धावपट्टीवरची आहे. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं मात्र शाबूत राहिली, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. त्या रात्री उरल्यासुरल्या धावपट्टीवरून, अंधारात, दोन्ही उठली आणि कराचीला पळाली. एक कॉन्स्टेलेशन दाबोळीहून जीव घेऊन निघालं, दुसरं दाबोळीला आलं ते जायचं नावच घेत नाही. यात कोण नशीबवान, यावर परत येताना गाडीत आमचा वाद झाला. भाच्याच्या मते पळालेलं. भाऊकाका म्हणाले, "पण त्याला बघायला कोण जातं?"

तेही खरं. गोव्यात टाकून दिलेल्या वस्तू काय कमी आहेत? कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज पुढची कित्येक वर्षं गंजत पडलं होतं. खाणी थांबल्यावर खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत तशाच नांगरून राहिल्या. त्यांच्यासमोर उभं राहून कुणी हळवं झालेलं मी बघितलं नाही, उलट लोक वैतागायचे. विमानाचं मात्र वाईट वाटतं. कदाचित जहाज असंही अर्धं पाण्यात बसलेलंच असतं. विमान जमिनीवर येतं ते पाहुणं म्हणून.

अर्थात आमच्या घरीही एक चेतक आहे. नौदलाचं चेतक हेलिकॉप्टर घरावरून जातं ते वेगळं. आमचा चेतक बजाजचा. सासऱ्यांनी नंबर लावला आणि सहा वर्षांनी घरी आला. आता तो मागच्या दारी फणसाखाली आहे, हँडलवर पानवेल चढलीय, सीटखाली मुंग्या. डिकीत अजून एक स्पार्क प्लग आहे, कोऱ्या पुडीत.

भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. सासूबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, वर दोन फणस दिले. चेतक दिला नाही.