अर्ध्या मिलिमीटरचा स्क्रू

२०१८च्या ऑक्टोबरातली गोष्ट. निफाडकडे द्राक्षछाटणीची घाई चालू होती. त्या घाईतून वेळ काढून एक काका नाशिकला, एमजी रोडवरच्या माझ्या दुकानात आले आणि रुमालात गुंडाळलेला आयफोन ५एस काउंटरवर ठेवला. काच फुटली म्हणून दुसरीकडे डिस्प्ले बदलून घेतला होता. तेव्हापासून फोन चालू केला की स्क्रीन निळी व्हायची आणि फोन परत बंद पडायचा.

"भाऊ, फोनचं काही नाही. एप्रिलच्या छाटणीपासूनच्या फवारण्यांचे फोटो आहेत त्यात. वही पावसात भिजली. एक्स्पोर्टला माल द्यायचा तर कधी काय मारलं ते दाखवावं लागतं."

निळी स्क्रीन ऐकूनच पोटात गोळा आला. शिकाऊ असताना मी स्वतः असाच एक फोन घालवला होता. या फोनात डिस्प्लेच्या केबलींवर पत्र्याची बारीक पट्टी असते, तिला चार स्क्रू. दिसायला सारखे, पण दोन १.७ मिमीचे, एक १.३चा, एक १.२चा. उजवीकडच्या खालच्या भोकात १.२चाच जायला हवा. तिथे लांब स्क्रू पिळला की टोक बोर्डात घुसतं आणि तांब्याचे केसासारखे ट्रेस कापले जातात. माझ्या उस्तादांना हे ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही. हातचं राखून शिकवायची आमच्या धंद्यात रीतच आहे आणि त्यापायी गिऱ्हाइकाचं किती नुकसान होतं याचा मला आजही राग येतो.

मला ते कळलं आयफिक्सिट या दुरुस्ती शिकवणाऱ्या साइटवर. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी ही साइट सुरू केली. त्यांतल्या एकाला स्वतःचा लॅपटॉप दुरुस्त करायला मॅन्युअल मिळेना, तिथून सगळं सुरू झालं. आता तिथे कुणीही गाइड लिहू शकतो, दुसऱ्याचं सुधारू शकतो. त्या चार स्क्रूंच्या पायरीखाली कुणीतरी ठळक इशारा लिहून ठेवला होता.

काकांचा फोन जपून उघडला. ५एसमध्ये होम बटणाची केबल खालच्या बाजूला असते, डिस्प्ले झटक्यात उचलला तर ती तुटते. उजवीकडच्या खालच्या भोकातला स्क्रू काढून लांबी मोजायला व्हर्निअरमध्ये धरला. १.७. मायक्रोस्कोपखाली भोकाच्या कडेला ओरखडा आणि दोन ट्रेस तुटलेले. नशीब, वरच्याच थरातले. आतल्या थरातले असते तर माझा हात पोचला नसता. ट्रेसवरचा मुलामा खरवडला, सोल्डरचा ठिपका दिला, तुटलेली टोकं जोडायला एनॅमलच्या तारेचे दोन तुकडे, म्हणजे जंपर, टाकले, वरून यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा मास्कचा थर. फोन सुरू झाला. पहिलं काम फोटो उतरवून घेण्याचं. काका स्टुलावर बसून एकेक बाटली, एकेक तारीख बोटाने पुढे सरकवत बघत राहिले.

त्याच रात्री हा जंपर कसा टाकायचा याचं गाइड मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून साइटवर टाकलं. दोन दिवसांनी साइटवर गाइड तपासणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने विचारलं: 'हलक्या हाताने खरवडा' म्हणजे किती हलक्या? कशाने? थांबायचं कधी?

मला सांगता येईना. इतकी वर्षं हात ते करत होता, पण शब्दांत मी कधी धरलंच नव्हतं. मग भंगारातला एक बोर्ड घेतला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत बसलो. पातं जवळजवळ आडवं ठेवायचं, टोक रोवायचं नाही, नुसतं ओढायचं. मळकट रंग जाऊन तांबं गुलाबीसर चमकलं की थांबायचं, त्यापुढे एकदा ओढलं तरी जास्त. तसं लिहिलं. एका पायरीला तीनच फोटो लावता येतात; ते तीन मनासारखे यायला रात्रीचा एक वाजला. पण त्या प्रश्नांमुळे मी माझं काम पहिल्यांदा नीट पाहिलं आणि त्या माणसाचा मी ऋणी आहे.

चार स्क्रूंचा नकाशा मराठीत करून, लांबीचे आकडे मोठे घालून, प्रिंट काढली. एक माझ्या भिंतीवर, बाकीच्या आसपासच्या गाळ्यांत वाटल्या. काही जण म्हणाले, धंद्याचं गुपित असं वाटतात का? मी प्रिंट ठेवून पुढे गेलो.

आठवड्याभरात शेजारच्या गाळ्यातला पोरगा आला. काडेपेटीत चार स्क्रू.

"दादा, यातला १.२ कुठला?"

व्हर्निअर त्याच्याच हातात दिला.