हॅटपिन, फिलर गेज आणि पिवळा दिवा

जर्मनीतल्या मॅनहाइमहून निघताना बेत साधा होता. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये मोटारीतून पहिला लांबचा प्रवास करत ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेने संध्याकाळपर्यंत फोर्झहाइम गाठायचं. शंभरएक किलोमीटर तर अंतर. २००८ पासून या मार्गावर रीतसर पाट्या आहेत, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. माझ्याकडे भाड्याची जवळजवळ कोरी गाडी. बर्थाबाईंकडे नवऱ्याने बनवलेली तीनचाकी, बरोबर दोन मुलगे, आणि नवऱ्याला पत्ता नाही!

लाडेनबुर्गला पाऊण तास गेला. बेंझ मंडळींच्या जुन्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. मी मात्र जास्त रेंगाळलो ते त्यांच्या घराजवळच्या १९१० च्या गॅरेजपाशी. बुरुजासारखं दिसतं. जगातलं सगळ्यांत जुनं गॅरेज म्हणून ते दाखवतात. हायडेलबर्गबद्दल काही लिहीत नाही, त्या किल्ल्याबद्दल आजवर पुष्कळांनी लिहून ठेवलंय.

हायडेलबर्ग सोडलं आणि गाडी किंचित थरथरायला लागली. पाठोपाठ डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. भाड्याने गाडी देणाऱ्यांना फोन लावला. पलीकडून एवढंच सांगितलं, "कशाला हात लावू नका. हळू चालवत ब्रुखझालच्या शाखेत आणा, बदलून देतो."

तसाच व्हीस्लोखला पोचलो. इथल्या श्टाट-आपोटेके या औषधाच्या दुकानातून बर्थाबाईंनी लिग्रॉइन घेतलं होतं. लिग्रॉइन म्हणजे डाग काढायचं द्रावण, तेच त्यांच्या गाडीचं इंधन. वेगळी टाकी नव्हती, इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये मावेल तेवढंच, साडेचार लिटर. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून या दुकानाचं कौतुक होतं ते त्यामुळे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपी केसांत अडकवायच्या लांब हॅटपिनने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा गार्टर, म्हणजे मोजा वर धरणारा पट्टा, गुंडाळला. हत्यारांची पेटी म्हणाल तर ती अशी अंगावरच होती.

जवळच्या पार्किंगमध्ये एक आजोबा जुन्या फोक्सवॅगन बीटलचं मागचं झाकण उघडून (तिचं इंजिन मागे असतं) वाकले होते. पायाशी पत्र्याचा डबा. मी डब्यात डोकावतोय हे बघून त्यांनी न विचारताच एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. नळीचं तेलाचं डबडं, पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, घासायची बारीक कानस, प्लगसाठी तारेचा ब्रश, फिलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा आणि दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब.

सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून त्यांनी पुली फिरवली. पॉइंट पुरते उघडल्यावर ०.४ मिलिमीटरचं पातं मधे सरकवलं आणि माझ्या हातात दिलं. "ओढून बघा." पातं गुळगुळीत निघालं. त्यांनी मान हलवली, डिसमिसने स्क्रू केसभर फिरवला. "आता?" आता पातं किंचित धरलं गेलं, वहीच्या दोन पानांत अडकलेला कागद ओढावा तसं. एवढ्याच फरकासाठी हा सगळा खटाटोप. पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते, की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं.

मग बल्ब. एक वायर पॉइंटकडे, दुसरी बॉडीला. पुलीवरची खाच इंजिनाच्या जोडावर आणून त्यांनी डिस्ट्रिब्यूटर हलके हलके वळवला. बल्ब लागला, की त्या क्षणी पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगीची वेळ तीच. झालं टायमिंग! यंत्रशाळेत तेव्हा स्ट्रोबचा दिवा असायचा. रस्त्यावर हा बल्ब पुरे.

मला वाटलं, आता आजोबा नव्या गाड्यांच्या नावाने खडे फोडणार. त्यांनी डब्याच्या तळातून काडेपेटीएवढा अडॅप्टर काढला, माझ्या गाडीत स्टिअरिंगखालच्या, बिघाड तपासायच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसवला आणि खिशातला फोन उघडला. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं आहे. फोनवर आलं: पी ०३०३. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. आजोबा खूश. "आमचाही तीन नंबरच त्रास देतो!" जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत बसवलेला, त्यामुळे तो जास्त तापतो.

हे शोधायला पूर्वी एकेका प्लगची वायर काढून इंजिनचा आवाज ऐकत बसावं लागे. इथे अर्ध्या मिनिटात उत्तर. पण पुढे काय? बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण. खाली प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल. शेजारच्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघायची, बिघाड कॉइलबरोबर सरकला तर कॉइलच गेली. दहा मिनिटांचं काम. पण करारात स्पष्ट लिहिलेलं, बॉनेटखाली काही करायचं नाही. आजोबांनी खांदे उडवले.

बीटलचं तेल ते दर ५,००० किलोमीटरला बदलतात. तिला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी, ती धुवायची. त्याच वेळी व्हॉल्व्हची फटही तपासायची, आणि तीही इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळीच. खरं सांगायचं तर मला यातलं काहीच नियमाने जमणार नाही. नव्या गाडीत पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही, बहुतेकींच्या व्हॉल्व्हची फट आपोआप राखली जाते. त्या डब्यातली निम्मी हत्यारं गेली, कारण त्यांची कामंच उरली नाहीत. याचं दुःख करावं असं मला वाटत नाही. खटकतं ते करारातलं वाक्य.

ब्रुखझालला पोचायला उशीर झाला. बर्थाबाईंची साखळी इथल्याच लोहाराने दुरुस्त केली होती. पुढे बाउशलॉटला त्यांनी चांभाराकडून ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. शाखेतल्या मुलाला मी किल्ली दिली आणि जरा ऐटीतच सांगितलं, "तीन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय. कॉइल बघा." त्याने मान डोलावली आणि संगणकात टाइप केलं: 'दिवा लागला.'