अंगणात काय पडलं

दुपारी कूलरमधून अचानक गोडसर वास यायला लागला. एप्रिलात कूलर म्हटला की वास फक्त मोटर जळल्याचाच येतो, म्हणून धावत मागे गेलो. मोटर ठणठणीत होती. गवताच्या जाळीला निंबाचा मोहर चिकटला होता, बारीक पांढऱ्या फुलांचा थरच्या थर. आतला पंखा हवेबरोबर चैत्रही ओढून घेत होता. जाळी काही साफ केली नाही. संध्याकाळी बघू म्हटलं, आणि संध्याकाळी विसरलो.

अंगण रोज झाडणाऱ्या माणसाला आमच्या खानदेशातल्या चोपडा शहरात कॅलेंडर लागत नाही. माघ सरला की निंबाची पिवळी पानं पडायला लागतात. झाडून पाठ वळवावी तर पुन्हा तेवढीच. थोडे दिवस झाड अर्धंमुर्धं उघडं दिसतं, मग तांबूस पालवी येते आणि तिच्या मागोमाग मोहर. उत्तरेला सातपुडा ह्या दिवसांत धुळकट होत होत एखाद्या दुपारी दिसेनासाच होतो. उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण निंबाखाली कुणी ना कुणी असतंच. भाजीची गाडी, दोन कुत्री, मोबाइलवर मोठ्यानं बोलणारा एखादा.

गावाकडच्या धाब्याच्या घरापुढेही निंबच होता. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला झोका बांधायचे. आत्या माहेरी आलेली असायची. सासरी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई झोक्यावर उभी राहून असा काही जोर लावायची की फांदी करकरायची आणि खाली आम्हा पोरांच्या डोक्यावर मोहर झडायचा. आजी ओट्यावरून ओरडायची. आत्या ऐकत नसे.

पुढं जेठात निंबोळ्या. आजीच्या तोंडी निंबोया. पिवळ्या, पिकून मऊ झालेल्या. चिमटीत दाबली की बी सटकन बाहेर उडते आणि बोटं चिकट होतात. गर आधी गोड लागतो, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडू उतरतो, तरी आम्ही दुसरी उचलायचोच. एकदा मी कंटाळून सगळा सडा उकिरड्यावर लोटायला निघालो तर आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, कामे येतस." बिया धुऊन ती सावलीत वाळवायची, उन्हात नाही. पुढे कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की त्याच बिया कुटून, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून वडील फवारायचे, तेही ऊन उतरल्यावर. पाच किलो बियांच्या भुकटीला शंभर लिटर पाणी हे प्रमाण हल्ली कृषी खात्याच्या पत्रकात छापून येतं. उन्हानं त्यातलं औषध लवकर मरतं, हेही. निंबाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर युरोपात पेटंट दिलं गेलं होतं. भारतातून विरोध झाला, ते २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तोवर आजी गेली होती. असती तरी पेटंट म्हणजे काय ते समजावता समजावता माझीच पुरेवाट झाली असती.

पावसाळ्यात मात्र खराट्याला फारसं काम नसतं, बघायलाच जास्त असतं. मृगाचे मखमली लाल किडे आताशा क्वचित दिसतात. गेल्या पावसाळ्यात परसातल्या वांग्याच्या झाडावर शिंपी पक्ष्यानं घर केलं. एकच रुंद पान गोल वळवून त्याच्या दोन्ही कडांना चोचीनं भोकं पाडलेली आणि त्यांतून कापूस ओवलेला. भोकाबाहेर आल्यावर तो कापूस फुगतो, त्यामुळे टाका सुटत नाही. गाठ वगैरे काही नाही. कापूस कुठला, तर गच्चीवर टाकलेल्या आमच्याच गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातला. ती गादी शिवायची म्हणून मी वर नेली होती. आमच्या घरात शिवणकाम नक्की कोणाला येतं, हे त्या दिवशी ठरलं. पिल्लं उडेपर्यंत त्या झाडाची वांगी कोणी तोडली नाहीत. भरताला बाजारातून आणली.

दिवाळीनंतर रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे जातात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लटकतो. त्यातला थोडा आमच्या फाटकातून आत येतो. तो मी झाडत नाही. का, ते विचारू नका.

अंगण मातीचं होतं तोवर ह्यातलं कशालाच कोणी कचरा म्हणत नव्हतं. जे पडायचं ते तिथंच मुरायचं, आणि आषाढात निंबाखाली बोटाएवढी रोपं दाटीनं उगवायची. निंबाच्या बीला धीर नाही, काही आठवड्यांतच रुजली तर रुजते. आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक. आम्हीच बसवून घेतले, चिखल नको म्हणून. परवा शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, छाटून टाका हो त्या फांद्या. वर्षभर नुसता कचरा."

नानांची नवी पांढरी गाडी तेव्हा त्याच फांद्यांखाली उभी होती. मी काही बोललो नाही. निंबोळ्या पिकल्या की कावळे आणि कोकिळा दिवसभर झाडावर जेवायला असतात. नानांशी काय बोलायचं ते बोलतील.