रिकाम्या खोलीतला एसी : नोंद ४

खोलीत कुणी नसेल तर एसी आपोआप बंद करणारी डबी मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत तिच्यातल्या पीआयआर सेन्सरचं (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचं) फार कौतुक केलं होतं. ते मागे घेतो.

एचसी-एसआर५०१ हा माझा पीआयआर हिवाळ्यात टेबलावर अगदी शहाण्यासारखा वागला. नागपूरच्या मे महिन्यात मात्र त्याला दिसेनासं झालं. पीआयआरला कळतो तो अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानातला फरक. दुपारी बंद खोलीच्या भिंती अंगाइतक्याच तापल्या की त्याच्या लेखी माणूस भिंतीत विरघळतो. एसीची खरी गरज असते नेमकं तेव्हाच हा मख्ख. शिवाय बाबा दुपारी आडवे झाले की हालचाल नाही म्हणून एसी बंद. घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, मी अजून जिवंत आहे हे तुझ्या डबीला सांग."

आता तिथे एलडी२४१० आहे. २४ गिगाहर्ट्झचा इवलासा रडार, झोपलेल्याची श्वासाने हलणारी छातीही ओळखतो. ईएसपी३२ ला (डबीचा मेंदू असलेल्या छोट्या कंट्रोलरला) जोडताना बॉडरेट, म्हणजे दोघांच्या बोलण्याचा वेग, २,५६,००० ठेवा. मी सवयीने १,१५,२०० ठेवला आणि एक अख्खी संध्याकाळ कचरा वाचत बसलो.

मग उलटी तक्रार सुरू झाली : खोली रिकामी होईचना. गुन्हेगार छताचा पंखा, साथीदार पडदा. हा रडार अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे करतो आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते. रडार पलंगाच्या उशाशी खाली आणला, तोंड किंचित खाली वळवलं आणि सव्वादोन मीटरपलीकडचं सगळं कापलं. प्लायच्या दारापलीकडून जाणारी माणसंही त्यातच गळाली.

खरी फजिती वेगळीच. एसीचा रिमोट नुसतं 'तापमान वाढव' असं सहसा सांगत नाही. प्रत्येक बटणाला चालू-बंद, मोड, तापमान, पंखा असा अख्खा निरोप जातो. आईने हाताने एसी बंद केला आणि ती बाहेर पडली. दहा मिनिटांनी माझ्या कोडने इमानदारीत '२८ अंश' पाठवलं, त्यात 'चालू' आलंच. वीज वाचवणाऱ्या यंत्राने रिकाम्या खोलीत एसी लावून दिला! आता एसीच्या बाजूला रिमोटचे इन्फ्रारेड निरोप टिपणारा ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर चिकटवलाय. खऱ्या रिमोटचं बोलणं तो ऐकतो, त्यामुळे एसी बंद असेल तर कोड गप्प बसतो.

सध्याचा नियम : १० मिनिटं कुणी नसेल तर २४ वरून २८, अर्ध्या तासाने बंद. लगेच बंद करत नाही, कारण माणूस पाणी प्यायला जाऊन परत येतो आणि कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा उठत नाही. शिवाय एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा मंत्रालय सांगतं, म्हणजे मधली वीस मिनिटंही फुकट जात नाहीत. रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून थेट वीज तोडायचा मोह मात्र कुणी करू नका. बंद करायचं ते इन्फ्रारेडनेच.

बचतीचा आकडा घाईने काढणार नाही. ४५ अंशांचा दिवस आणि वळवाच्या पावसाचा दिवस यांची तुलना कशी करायची? एक दिवस यंत्र चालू, एक दिवस बंद, असं महिनाभर चालवून मीटरच्या नोंदी घेतोय.

दोन पलंगांच्या खोलीत कुणी एकाच रडारवर भागवलंय का?