गणपत गल्लीच्या आभाळात विडीचं लेबल

निपाणीच्या एका बंद छापखान्यातला लिथोचा दगड, म्हणजे चित्र काढून त्यावरून छापायची चुनखडी, बेळगावात आमच्याकडे आला तो घोटूनच, जुनं चित्र घासून काढलेला. १६ बाय २२ इंच, ३ इंच जाड, वजन ४५ किलोच्या आसपास. कोरडा बघितला तर स्वच्छ. त्यावर तेलकट खडूनं गणपत गल्ली उतरवली होती: फुलवाल्या बायका, गर्दीत अडकलेली रिक्षा, कानडी-मराठी पाट्या. ठसा उलटा उमटतो, म्हणून दोन्ही लिप्या दगडावर उलट लिहायच्या, आरसा समोर धरून. रस्त्यावरच्या माणसांना लिथोचा खडूच शोभतो. हाताची घाई तो जशीच्या तशी राखतो. फ्रेंच चित्रकार दोमियेनं पॅरिसची माणसं अशीच टिपली, जवळजवळ ४००० लिथोचित्रांत.

चित्रावर राळेची पूड, वर शंखजिरं, मग ३० मिली डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे १२ थेंब: यानं खडूची जागा शाई धरते, बाकीचा ओला दगड धरत नाही. टर्पेंटाईननं खडू उतरवला, ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला आणि रूळ धरणारा पोरगा म्हणाला, "सर, आभाळात अक्षरं आल्यात की!"

विडीची लेबलं. ट्रान्सफर कागदावरून एकेका दगडावर ती ओळीनं उठवत, म्हणून आभाळातही ओळीनंच आली. चुनखडीत जुनी तेलकट शाई खोलवर मुरलेली असते. घोटताना तेवढा थर गेला नाही, तर ती पुन्हा शाई धरते.

आभाळ रिकामंच होतं, फक्त विजेच्या तारा. शाई लागलेल्या चित्रावर पुन्हा राळ आणि शंखजिरं दिलं. अक्षरांवर घोटणीचा बारीक दगड पाण्यासोबत हलकेच फिरवला, मग ब्रशनं तिथेच जास्त कडक डिंक, नायट्रिकच्या १८ थेंबांचा. दगड राखी, म्हणजे कठीण. पिवळा, मऊ असता तर इतकं आम्ल चाललं नसतं. बारीक फेस आला की लगेच पुसायचं.

अक्षरं गेली, पण एक तारही तुटली. डिंकानं बंद झालेल्या जागी खडू धरत नाही. तेवढी जागा सौम्य ॲसिटिक आम्लानं धुऊन उघडली, तार जोडली, पुन्हा डिंक दिला. एका दुकानाच्या भिंतीत लेबलाची कड दिसत राहिली. ती मी तशीच ठेवली: तिथे घासलं असतं तर दगडाचा दाणा सपाट होऊन खडूच्या छटेत डाग पडला असता, आणि भिंतीची छटा त्या कडेपेक्षा मोलाची.

त्याच छापखान्यातले बाकीचे दगड आता ८० नंबरच्या कार्बोरंडमपासून, म्हणजे घासायच्या जाड पुडीपासून घोटतोय. ओला करून तिरप्या उजेडात एकही ओळ दिसेनाशी झाली, की मगच बारीक पुडीवर, १८० आणि २२० वर जायचं.