पावसातली चमक: टेम्परिंग मशीनची खरेदी थांबली, डिह्युमिडिफायर आला

गेले एकदाचे माझ्या चॉकलेटवरचे पांढरे डाग! डिचोलीत संततधार लागलेली असताना ७० टक्के डार्कचे बार मोल्डमधून आपसूक सुटले. आरशासारखी चमक, आणि मोडताना खणखणीत 'टक्'!

मागे डागांचे फोटो टाकले तेव्हा बहुतेकांनी टेम्परवर, म्हणजे चमकेसाठी चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून-उतरवण्यावर, बोट ठेवलं होतं. पण तापमानं चोख होती: ४५ ला वितळवलं, २८ पर्यंत उतरवलं, परत ३१.५. (प्रोबवालाच थर्मामीटर घ्या. इन्फ्रारेड स्टीलच्या चकचकीत भांड्यावर फसवतो.) शेवटी डागावर हेअर ड्रायर धरला. फॅट ब्लूम (वर आलेल्या कोको बटरचा थर) असता तर वितळून दिसेनासा झाला असता. हा तसाच राहिला, बोटाला खरखरीत लागला. म्हणजे शुगर ब्लूम. बारवर दव धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडालं की तिचे बारीक दाणे उरतात.

दव का धरत होतं, ते हायग्रोमीटरने सांगितलं. एसी २२ वर असूनही खोलीत आर्द्रता ६५ टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्याहून थंड वस्तूवर दव धरतं ते तापमान) १५ अंशांच्या आसपास. मोल्ड सेट व्हायचे घरच्या फ्रिजमध्ये, त्याहून कितीतरी थंड. बाहेर काढले की ओले होणारच. एसीशिवाय तर विचारूच नका: ३० अंश आणि ८५ टक्क्यांना दवबिंदू २७ वर जातो.

डिह्युमिडिफायरने आर्द्रता ५० वर आणली, दवबिंदू ११ वर उतरला. सेटिंगला कळंगुटच्या एका रेस्टॉरंटचा जुना वाइन कूलर मिळाला, तो १४ वर लावलाय. गोव्यात ही वस्तू जुनी सहज मिळते, नवीन घेऊच नका. आत पंखा मात्र हवाच, कारण चॉकलेट घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. हवा खेळली नाही तर बारच्या मधोमध फिकट पट्टा येतो.

मोल्ड पॉलिकार्बोनेटचेच घ्या. एका विक्रेत्याने त्याच नावाखाली पातळ प्लास्टिक पाठवलं, त्यावर चमक येतच नाही. कोइमतूरच्या मेलँजरबद्दल (कोको दळणारं दगडी यंत्र) मात्र चांगलंच बोलेन: दगड उत्तम, पेस्ट २० मायक्रॉनपर्यंत उतरते, जिभेला कण लागत नाही.

टेम्परिंग मशीनसाठी ठेवलेले पैसे मोठ्या एसीकडे वळवणार होते, कारण डिह्युमिडिफायर आणि मेलँजर दोघंही खोली तापवतात. पण लिहिता लिहिता सुचतंय, मेलँजरच स्वयंपाकघरात हलवावा. चालू असताना पेस्ट ४५–५० अंशांवर असते, तिला दव धरत नाही. साखर तेवढी कोरड्या खोलीत ठेवून ऐनवेळी घालायची. मग आहे तो एसी पुरेल!

उरलेल्या पैशांत दुसरा डिह्युमिडिफायर. सत्तरीतल्या कुळागरात (बागायतीत) पोफळींखाली कोको आहे, पण आंबवलेल्या बिया ७ टक्के ओलाव्यापर्यंत पावसात वाळवायच्या कशा, इथेच अडलं होतं. आता बिया डिह्युमिडिफायर लावून बंद खोलीत वाळवून बघते. मोल्डपासून लांब, पडवीला लागून, कारण तो आंबूस वास कोको बटर लगेच ओढून घेतं. खोलीत बियांचा थर किती जाड ठेवावा? कुणी असं वाळवलं असेल तर सांगा.