कार्लो बेर्गोन्झी यांचा दुसरा आवाज

शनिवार, रात्री

गेले तीन दिवस मी एकाच गायकाला ऐकत आहे. इटालियन टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीच्या आवाजाचे ऑपेरागायक, कार्लो बेर्गोन्झी यांनी १९७० च्या दशकात इटालियन ऑपेरा-रचनाकार व्हेर्दीच्या ३१ टेनर आरियांचा, म्हणजे ऑपेरातल्या एकलगीतांचा, संच ध्वनिमुद्रित केला. त्यातली ‘लुईझा मिलर’ या ऑपेरातली आरिया आज कितीदा लावली, याची मोजदाद ठेवली नाही. प्रेयसीच्या बेइमानीची कबुली देणारे, प्रत्यक्षात तिच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलेले पत्र नायक रोदोल्फोच्या हाती पडते आणि तिच्यासोबतच्या शांत संध्याकाळी त्याला आठवू लागतात. बेर्गोन्झी ते सारे न हुंदकता, सुरांची सलगता कुठेही तुटू न देता आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ ठेवून गातात, आणि म्हणूनच ते मला इतके लागते.

ते टेनर म्हणून घडलेच नव्हते, ही गोष्ट मला त्यांच्या कीर्तीपेक्षाही मोठी वाटते. १९२४ साली बुसेतोजवळच्या विदालेंझो गावी, म्हणजे व्हेर्दीच्याच मुलखात, ते जन्मले आणि शाळा लवकर सोडून वडिलांबरोबर चीजच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे पार्माला संगीताचे शिक्षण सुरू झाले. पण महायुद्धाने त्यांना जर्मन बंदिछावणीत नेले आणि तिथून ते अतिशय खंगून परतले. १९४८ साली त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवले ते बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या आवाजाचे गायक, म्हणून.

आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल तो षड्ज धरतो आणि तोच राग त्या पट्टीत मांडतो. ऑपेरात मात्र स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेले असतात आणि आवाजाच्या जातीवरूनच भूमिका ठरतात. त्यामुळे बॅरिटोनचा टेनर होणे म्हणजे नुसती पट्टी वर नेणे नव्हे. वरच्या स्वरांकडे जाताना आवाज जिथे वळतो तो सांधा नव्याने बांधावा लागतो, आणि तोवर पाठ केलेल्या सगळ्या भूमिका सोडून द्याव्या लागतात. बेर्गोन्झींनी हे काम मुख्यतः एकट्याने केले. कारुझो, जील्यी, स्कीपा आणि पेर्तिले या आधीच्या नामवंत टेनरांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी अभ्यासल्या, आणि जानेवारी १९५१ मध्ये बारी येथे ‘आन्द्रेआ शेनिए’ या ऑपेरामध्ये ते टेनर म्हणून उभे राहिले. ज्या गळ्यावर पोट चालले आहे तोच मोडून पुन्हा घडवायला घेणे, यात किती धैर्य लागले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे : १९५३ साली मिलानचे ला स्काला ऑपेरागृह, १९५६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात व्हेर्दीच्या ‘आइदा’तला नायक रादामेस, आणि त्याच रंगमंचावर १९८८ पर्यंत ३०० हून अधिक प्रयोग. तिथला निरोपही त्यांनी ‘लुईझा मिलर’च्याच रोदोल्फोने घेतला, हे आज कळले आणि ती आरिया मी पुन्हा लावली.

मे २००० मधल्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या रात्रीबद्दलही लिहायला हवे. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी प्रथमच व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’तली नायकाची भूमिका संपूर्ण गायचे ठरवले. दोन अंकांनंतर आवाजाने साथ सोडली आणि उरलेला प्रयोग दुसऱ्या गायकाने पूर्ण केला. ती भूमिका त्यांनी घ्यायलाच नको होती, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. ओतेल्लोच्या गायनाला खालच्या आणि मधल्या स्वरांत जे वजन लागते, ते बॅरिटोनच्या मुलखाजवळचे आहे. ज्या आवाजाला त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी मागे सोडले होते, त्याच्याजवळ जाण्याची ओढ त्यांना वाटली असेल, असे मला राहून राहून वाटते.

२५ जुलै २०१४ रोजी मिलानमध्ये ते गेले. नव्वद पूर्ण होऊन दोनच आठवडे झाले होते. बुसेतोतल्या आपल्या हॉटेलाला त्यांनी ‘ई दुए फोस्कारी’ हे व्हेर्दीच्या ऑपेराचे नाव दिले होते. व्हेर्दीच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षात, १९५१ साली, इटालियन रेडिओसाठी तो ऑपेरा ते गायले, तेव्हा त्यांना टेनर होऊन वर्षही झाले नव्हते. ते ध्वनिमुद्रण मिळाले आहे. उद्या सकाळी, घरात कोणी उठण्याआधी, ते ऐकणार आहे.